जुन्या घरात दोन राउटर लावले, आता सोप्यावरून प्रिंटर सापडत नाही

राजांगण
मंडळी, नमस्कार. गोव्यात बांदोड्याला आमचं जुनं घर आहे. मधे राजांगण, चारी बाजूंना खोल्या, भिंती चिऱ्याच्या आणि चांगल्या दोन फूट जाडीच्या. सोप्यावर फायबरचा बॉक्स बसवलाय. राउटर आणि वायफाय त्यातच आहे, मागे लॅनचे (घरातली उपकरणं वायरीने जोडायचे) चार पोर्ट. आम्ही तिघे भाऊ, तीन चुली, पण कनेक्शन एकच.

वडील चाळीस वर्षं गावच्या जत्रेत मराठी नाटकांतून कामं करायचे. त्यांच्या हातच्या संहिता, तालमींच्या वह्या, जुने फोटो असं सगळं माझ्या वहिनीने दोन वर्षं बसून स्कॅन केलं. साधारण ४० जीबी झालंय. ते मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आहे. तिन्ही घरांना ते बघता यावं आणि एकच प्रिंटर सगळ्यांना चालावा, एवढीच इच्छा.

सोप्यावरचं वायफाय माजघराच्या पुढे पोचत नाही. म्हणून एक साधा राउटर आणला, बॉक्सच्या लॅन पोर्टमधून वायर ओढून त्याच्या निळ्या पोर्टात घातली. मागे इंटरनेट उत्तम चालतं. पण प्रिंटर मागे आहे आणि सोप्यावरच्या दादाच्या लॅपटॉपला तो दिसतच नाही. फोल्डरही दिसत नाही. दुकानदार म्हणतो, बॉक्समधला राउटर कामाचा नाही, तीन डब्यांचा महागडा संच घ्या. चवथीला दीड महिना उरलाय, घरात २८ माणसं असतील. खरंच सगळं बदलावं लागेल का?

साखळीकर
काहीही बदलू नका. तुमच्याकडे हवं ते सगळं आहे, फक्त वायर चुकीच्या भोकात गेलीय. सविस्तर रात्री लिहितो.

मडगांवकर
माझं मत वेगळं. कंपनीने दिलेला बॉक्स ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त फायबरचा सिग्नल आत आणून देईल, आणि स्वतःचा एक चांगला राउटर त्याच्यापुढे लावा. बॉक्समधल्या राउटरवर आपला ताबा नसतो. अर्ध्या सेटिंग्ज कुलूपबंद, आणि कधी कंपनीकडून अपडेट आला की आपण केलेलं सगळं पुसलं जातं. माझ्याकडे दोनदा झालंय.

पर्वरीची माई
ब्रिज मोड करण्यापूर्वी एक विचारा, घरात लँडलाइन आहे का? आमचा फोन त्याच बॉक्सच्या मागे जोडलेला आहे. जावयाने ब्रिज मोड केला आणि फोन मुका झाला. सासूबाई ८३ वर्षांच्या, त्यांना मोबाइल जमत नाही, रोज संध्याकाळी बहिणीशी त्या फोनवर बोलतात. चार दिवस त्या नुसत्या फोनकडे बघत बसलेल्या मी पाहिल्यात. शेवटी सगळं पुन्हा पूर्वीसारखं करून घेतलं.

राजांगण
माई, आहे ना लँडलाइन! आईचा तोच फोन. मग ब्रिज मोड नकोच.

साखळीकर
हं, आता बसून लिहितो.

राउटर तीन कामं करतो. बाहेरचं जग आणि घर यांच्यामधे दरवाजा म्हणून उभा राहतो, घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता देतो (हे डीएचसीपी), आणि वायफाय पसरवतो. तुमच्या घरात आता ही तिन्ही कामं दोघे जण करतायत. निळं भोक म्हणजे वॅन पोर्ट. त्यात वायर घातली की दुसरा राउटर समजतो, आपल्यापलीकडे इंटरनेट आहे, अलीकडे आपलं स्वतंत्र घर. मग तो दार लावून घेतो आणि आत आपले वेगळे पत्ते वाटतो. सोप्यावर सगळे १९२.१६८.१ च्या वाडीत, मागे सगळे बहुधा १९२.१६८.० च्या वाडीत. मागच्यांना पुढे हाक मारता येते, पण पुढच्यांना मागे कोण आहे ते दिसत नाही. दादांचा लॅपटॉप बाहेर उभा आणि प्रिंटर दाराआड, म्हणून तो सापडत नाही.

हे पत्ते, १९२.१६८ ने सुरू होणारे, मुद्दाम खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेत. १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये (इंटरनेटचे नियम लिहिलेल्या एका दस्तऐवजात) ते ठरलं. त्यामुळे फोंड्यात आणि पेडण्यात एकाच वेळी लाखभर प्रिंटर १९२.१६८.१.५० वर असले तरी कुणाचं काही अडत नाही.

उपाय एकच: पत्ते वाटणारा एकच ठेवायचा. तुमच्या बाबतीत सोप्यावरचा बॉक्स. मागच्याने फक्त वायफाय पसरवायचं. राउटर नव्या पद्धतीचा असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड अशी सरळ निवड मिळेल, ती करा, संपलं. नसेल तर आधी बॉक्सकडून आलेली वायर काढा आणि कॉम्प्युटर वायरने फक्त त्या राउटरला जोडा. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (बॉक्स १९२.१६८.१.१ वर असेल तर), मग डीएचसीपी बंद करा, आणि मगच बॉक्सची वायर त्याच्या पिवळ्या म्हणजे लॅन भोकात घाला. निळं भोक मोकळं राहू दे. हा क्रम पाळा. डीएचसीपी चालू असताना वायर लॅनमध्ये घातलीत तर घरात दोन दोन जण पत्ते वाटू लागतील आणि कुणाचा फोन चालेल, कुणाचा नाही.

डिचोलीचा दिगू
साखळीकरबाब, हे वाचून आत्ता कळलं माझ्याकडे काय झालं होतं ते. माझे दोन्ही राउटर १९२.१६८.१.१ वर होते. वॅनमध्ये वायर घातली आणि मागचा राउटर गोंधळला, आत आणि बाहेर एकच वाडी! इंटरनेटच नाही. तीन आठवडे मी वायरीलाच दोष देत बसलो, नवी वायरही आणली.

मडगांवकर
साखळीकरांचा उपाय चालेल, माझा विरोध नाही. लँडलाइन असेल तर मीही तेच सांगेन. पण ज्याच्याकडे लँडलाइन नाही आणि ज्याला सगळं स्वतःच्या हातात हवंय त्याने ब्रिज मोडच करावा, या मतावर मी ठाम आहे. आणि बॉक्समधलाच राउटर वापरणार असाल तर सगळ्या सेटिंग्जचे फोटो काढून ठेवा. पुसलं गेलं तर दहा मिनिटांत परत भरता येतं.

वायरमन म्हापसा
मी घरोघरी हेच काम करतो, त्यामुळे भिंतींबद्दल बोलतो.

चिऱ्याची दोन फुटी भिंत ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जवळजवळ अडवूनच टाकते. २.४ गिगाहर्ट्झ थोडं आरपार जातं, पण वेग मार खातो. पावसाळ्यात चिरा पाणी पितो, भिंत ओली झाली की आणखी कमी. मे महिन्यात ठीक चाललेलं कनेक्शन जुलैत रडतं, असं मी कितीतरी घरांत बघितलंय. अशा घरात वायरलेसने वायरलेस पुढे ढकलणारे डबे घेऊ नका, दुकानदार काहीही सांगो. वायर ओढा आणि वायरच्या टोकाला वायफाय लावा. राजांगणबाबांनी ते आधीच केलंय, म्हणजे अवघड काम झालंय.

पण वायर कोणती घातलीत? बाजारात स्वस्तातली कॅट-६ (नेटवर्कच्या वायरीचा एक प्रकार) मिळते, ती आतून अ‍ॅल्युमिनियमची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. टोकाकडे सोलून ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर ती. सतत वाकवली की तुटते, लांबवर ताकद टिकत नाही. पूर्ण तांब्याची घ्या.

राजांगण
खरवडून बघितली. लालच आहे, देवाची कृपा. २५ मीटर आहे, कौलांखालून वाश्यांच्या कडेने नेलीय.

वायरमन म्हापसा
छान. १०० मीटरपर्यंत काळजी नाही. पण कौलांखाली उंदीर आणि खारी, पीव्हीसी पाइपातून न्या. आणि विजेच्या वायरीला चिकटून समांतर नेऊ नका, वीतभर तरी अंतर असू दे.

वाळपईची शिक्षिका
आमच्या शाळेतल्या संगणक खोलीची गोष्ट सांगते, कारण उपयोग होईल. १२ कॉम्प्युटर, त्या सगळ्यांना वायरींनी एकत्र जोडणारा एक १६ पोर्टांचा डबा म्हणजे स्विच, आणि इंटरनेट अशाच एका बॉक्समधून. एका सोमवारी सगळं ठप्प. इंटरनेट नाही, प्रिंटर नाही, शेजारच्या कॉम्प्युटरवरची फाइलही उघडेना. स्विचचे सगळे दिवे एका लयीत, अगदी वेगात लुकलुकत होते. मी एकेक वायर काढत गेले. नवव्या वायरीवर दिवे शांत झाले. शनिवारी झाडलोट करताना कुणीतरी सुटलेलं टोक बघून ते नीट जागेवर लावलं होतं, आणि दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये होतं. एकच निरोप स्विचमध्ये गोल गोल फिरत राहिला आणि इतर कुणाला वाटच मिळेना.

तेव्हापासून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मी कापडी पट्टी लावून क्रमांक लिहिलाय. मुलांना तर ही गोष्ट पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहिली. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग निरोपाला थांब म्हणून कुणी सांगत नाही?" हा प्रश्न विचारणारी मुलगी वर्गात आहे याचा मला फार आनंद झाला. महागड्या स्विचमध्ये असं सांगणारी सोय असते, साध्यात सहसा नसते.

काणकोण किनारा
आमच्याकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत, समुद्रापासून दोनशे पावलांवर. दोन गोष्टी.

एक, खारा वारा. व्हरांड्यातल्या जोडणीचे पितळी काटे दीड वर्षात हिरवे पडतात. बाहेर उघडा जोड ठेवूच नका, झाकणाचा डबा लावा, आणि वायर खालून वर डब्यात शिरेल अशी वळवा म्हणजे पाणी टोकावरून गळून जाईल.

दोन, पाहुणे आणि घरचे एकाच वायफायवर ठेवू नका. एकदा पाहुण्यांच्या खोलीतल्या कुणीतरी आपल्या फोनवरचा व्हिडिओ चुकून आमच्या देवघराशेजारच्या टीव्हीवर लावला. आई जप करत होती. पाहुणे बिचारे इतके शरमले, दहा वेळा माफी मागितली. चूक आमची होती, दार आम्हीच उघडं ठेवलं होतं. मग गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांचं वेगळं वायफाय, चालू केलं.

साखळीकर
काणकोणकरांच्या मुद्द्याला एक जोड. गेस्ट नेटवर्क मुख्य बॉक्सवर असेल तर ते घरच्या जाळ्यापासून वेगळं राहतं. पण अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमधल्या दुसऱ्या राउटरवर गेस्ट चालू केलं तर काही मॉडेलमध्ये ते वेगळं राहत नाही, पाहुण्याला प्रिंटरही दिसतो आणि फोल्डरही. गेस्टवर एक फोन जोडून प्रिंटर सापडतो का, हे स्वतः तपासा. राजांगणबाब, चवथीच्या २८ माणसांसाठी सोप्यावरच्या बॉक्सचं गेस्ट द्या. वडिलांच्या संहितांचं फोल्डर घरच्या जाळ्यावर, आणि भावंडांना फक्त वाचायची परवानगी. वहिनींचं दोन वर्षांचं काम कुणाच्या बोटाने पुसलं जायला नको. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून दुसऱ्या घरात ठेवा. हे आज करा, राउटर उद्या.

पर्वरीची माई
शेवटच्या वाक्याला माझे दोन्ही हात जोडून अनुमोदन. आमच्या आजोबांच्या भजनांच्या कॅसेटी पुरात गेल्या, आता आठवणीतल्या दोन ओळी तेवढ्या उरल्यात.

डिचोलीचा दिगू
विषय निघालाय म्हणून विचारतो, जत्रेतल्या नाटकांच्या संहिता म्हणजे ऐतिहासिक की पौराणिक? आमच्याकडे जत्रेला रात्री दहाला पडदा उघडायचा आणि पहाटे संपायचं. माझे काका स्त्रीपार्ट करायचे.

राजांगण
दोन्ही आहेत, दिगूबाब. वडील बहुतेक वेळा खलनायक. एका वहीत समासात लिहिलंय, "इथे थांबणे. लोक शिव्या देतील. देऊ देणे." वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

बरं, काल रविवारी काम केलं. हार्ड डिस्कवर प्रत काढली, ती मधल्या भावाकडे दिली. मग साखळीकरांनी सांगितल्याप्रमाणे पत्ता १.२, डीएचसीपी बंद, वायर निळ्यातून काढून पिवळ्यात. प्रिंटर बंद करून चालू केला. सोप्यावरून दादाने ओरडून सांगितलं, "दिसला!" पहिलं पान वडिलांच्या राजाच्या वेषातल्या फोटोचं काढलं.

एक अडचण राहिलीय. आज सकाळी प्रिंटर पुन्हा गायब. आणि सोप्यावरून स्कॅनचं फोल्डर कॉपी करायला लावलं तर पाऊण तासाहून जास्त वेळ दाखवतंय. दादाचा लॅपटॉप वायरने जोडलेला आहे, मागचा कॉम्प्युटरही.

साखळीकर
प्रिंटरचं सोपं आहे. रात्री बंद केलात, सकाळी त्याला बॉक्सकडून नवा पत्ता मिळाला, आणि लॅपटॉप जुन्या पत्त्यावर शोधतोय. बॉक्सच्या डीएचसीपी पानावर पत्ता राखून ठेवायची सोय असते. तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, प्रिंटरच्या माहितीच्या पानावर छापून येतो) आणि १९२.१६८.१.५० असं लिहा. मग तो कायम तिथेच राहील. लॅपटॉपवर मात्र प्रिंटर एकदा काढून नव्याने जोडा.

फोनसाठी हे करायला गेलात तर फसाल. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता न देता बनावट देतात. चांगल्या हेतूने, माग काढता येऊ नये म्हणून. घरच्या वायफायपुरतं ते फोनमध्ये बंद करता येतं.

वायरमन म्हापसा
पाऊण तास म्हणजे तुमची वायर १०० एमबीपीएसवर चालतेय. हिशोब करा. १०० म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून जास्तीत जास्त साडेबारा एमबी, ४० जीबीला ५३ मिनिटं. १००० वर तेच साडेपाच मिनिटांच्या आसपास, डिस्क तेवढी वेगवान असली तर. कारण तीनपैकी एक. बॉक्सचा तो पोर्टच १०० चा असेल, कित्येक बॉक्सांना एकच पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० चा असतो. दुसरा राउटर १०० चा असेल. किंवा वायरीचं टोक नीट क्रिंप झालं (पक्कडीने दाबून बसलं) नसेल. १०० ला आठपैकी चारच तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक तार जरी सुटली तर जाळं बंद पडत नाही, चुपचाप १०० वर उतरतं. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

टोक कुणी मारलं?

राजांगण
मीच. पहिल्यांदाच. राउटरच्या खोक्यावर गिगाबिट लिहिलंय.

वायरमन म्हापसा
मग दिवसाउजेडी टोक डोळ्यांसमोर धरा, काटे वर आणि खुंटी खाली. पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तारांची तांब्याची टोकं पार पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. रंगांचा क्रम डावीकडून: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. निळी आणि हिरवी मधे अशी उलटसुलट का, असं विचारू नका, हात बसला की डोळे मिटून होतं. सगळ्या तारा सरळ करा, एका रेषेत कापा, बाहेरचं वेष्टण टोकाच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे.

राजांगण
मागच्या बाजूचं टोक उजेडात धरलं. सात तारा भिंतीला टेकलेल्या, आठवी, तपकिरी, अर्ध्या मिलीमीटरने आखूड. नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती, आईचा चष्मा लावून बघितलं. टोक कापून पुन्हा मारलं. बॉक्सवरची वायर पहिल्या पोर्टात हलवली आणि दिव्याचा रंग बदलला. फोल्डर कॉपी झालं आठ मिनिटांत.

वाळपईची शिक्षिका
हे मी उद्या मुलांना दाखवणार. अर्ध्या मिलीमीटरची तपकिरी तार!

काणकोण किनारा
अभिनंदन. वीज गेली की काय करता? आमच्याकडे पावसात दिवसातून तीनदा जाते.

डिचोलीचा दिगू
राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, १२ व्होल्टचा. बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. दोन घ्या, एक बॉक्सला, एक मागच्याला. फायबर तुटलं तरी आतलं जाळं चालूच राहतं, हे मला माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात रस्त्याच्या कामात फायबर तुटलं, बॉक्सवर लाल दिवा दोन दिवस, पण मुलीने घरातल्या घरात प्रिंट काढली.

राजांगण
मंडळी, तुम्हा सगळ्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. देव बरें करूं. आता धाकट्या भावाची मागणी आलीय. मागे कुळागरात (पोफळी-केळीच्या बागेत) पंपघर आहे, तिथे कॅमेरा हवाय. तीच वायर पुढे नेऊ का?

वायरमन म्हापसा
थांबा. तांब्याची वायर घराबाहेर उघड्यावरून दुसऱ्या इमारतीत नेऊ नका. ऑक्टोबरात पाऊस जाताना वीज कशी पडते ते तुम्हाला ठाऊक आहे. वीज त्याच वायरीवर पडायला लागत नाही, जवळपास पडली तरी धक्का तांब्यातून आत येतो. केप्याला एका घरात गोठ्याकडून आलेल्या वायरीने बॉक्सचे चारही पोर्ट, टीव्ही आणि कॉम्प्युटर एका रात्रीत गेले.

मडगांवकर
५ गिगाहर्ट्झचे दोन अँटेना समोरासमोर लावले तर? वायरच नको.

वायरमन म्हापसा
मोकळ्या शेतात मी तेच लावतो. पण कुळागरात मधे पोफळी आणि केळी आहेत. ओली पानं सिग्नल खातात, आणि नेमकं पावसात कॅमेरा बंद. इथे फायबरच. काचेतून वीज जात नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारा डबा), जोडीचा घ्या. वायरीसोबत आधाराची लोखंडी तार असेल तर ती बाहेर खांबालाच संपवा, घरात आणू नका. पंपघरात वीज आहेच, कॅमेऱ्याला तिथूनच द्या. अंतर किती?

राजांगण
आत्ता दोरी धरून मोजलं. मागच्या पडवीपासून पंपघरापर्यंत ८५ मीटर, वाटेत एक पाट ओलांडावा लागतो.

वायरमन म्हापसा
मग १२० मीटर घ्या. पाटावरून ताणून नेऊ नका, पाइपात घालून तळाखालून घ्या, आणि दोन्ही टोकांना पाच-पाच मीटरचं वेटोळं ठेवा. पाटाचं पाणी ओसरल्यावर फोन करा, टोकं मी येऊन जोडून देतो.